मिल्या, माझं मत तुला नव्हतं

मिल्या,

आधी सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा इकडच्या तिकडच्या गप्पा होतील आणि मी जॅकेट चढवून घरी निघून जाईन, गेली तीन वर्षं जात होतो तसा. मुलं तिसरीत असताना वर्गाच्या पालक-प्रतिनिधीची जी निवडणूक झाली, तीत मी तुला मत दिलं नव्हतं. चिठ्ठीवर मी फ्राऊ लांगचं नाव लिहिलं. तू तीन मतांनी पडलास, आणि त्या रागात ब्रांटच्या गाडीचा आरसा फोडलास, ब्रांटचा हात फोडलास. त्याने तुला फसवलं असं तुला वाटलं. त्याने फसवलं नव्हतं. मी दोन पावलांवर उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. ऑफिसच्या लिफ्टमध्ये तू चढलास आणि चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा खाली कोसळलेला होतास. एक्केचाळिसाव्या वर्षी. वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवी होती, आणि ती तुला होती. रडू दुसऱ्या दिवशी आलं. ज्याच्याशी भांडण उरलंय त्याने असं मधेच उठून जायचं नसतं.

लोक काय वाट्टेल ते बोलतात. फ्रांकफुर्टहून आलेले एक गृहस्थ परवा म्हणाले, "फार शांत माणूस होता हो." मला हसू आवरेना. तू आणि शांत! औरंगाबादच्या हॉस्टेलवर मेसच्या वाढप्याने तुझं ताट पायाने सरकवलं, तेव्हा तू वरणाचं अख्खं पातेलं त्याच्या अंगावर भिरकावलं होतंस. वरण गरम होतं. तो पोरगा महिनाभर मानेला पट्टी बांधून हिंडला, आणि त्यानंतर आपली ताटं हाताने वाढली गेली. मी तेव्हाही तुझ्या मागे उभा होतो. मला मारामारी जमत नाही. तू दोघांच्या वाटचं मारायचास आणि मी दोघांच्या वाटचं घाबरायचो. अशीच आपली दोस्ती होती आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

तुझ्या वडिलांची गोष्ट तू मला त्याच हॉस्टेलच्या गच्चीवर सांगितलीस. ग्रामपंचायतीच्या मतदानाला तुमच्या वस्तीतल्या कुणी यायचं नाही असा गावाचा निरोप होता. ते गेले. बोटाला शाई लावून शाळेच्या फाटकातून बाहेर पडले, आणि चौघांनी त्यांना पिंपळाखाली पाडून कुऱ्हाडीच्या दांड्याने उजवा हात मोडला. हाड कातडीतून बाहेर आलेलं तू पाहिलंस. तू सात वर्षांचा होतास, तू भोकाड पसरलंस. आणि त्याच संध्याकाळी, मोडलेला हात गळ्यात बांधलेला असताना, रडलास म्हणून त्यांनी तुला उरलेल्या डाव्या हाताने मारलं. तुझ्या कानातून रक्त आलं. हे सगळं तू मला एका दमात सांगितलंस आणि म्हणालास, "तेव्हापासून मी रडलेलो नाही, अव्या." ते तू अभिमानाने म्हणालास, आणि मलाही तेव्हा अभिमानच वाटला. एकोणीस वर्षांचे होतो आपण.

म्हणून बाड हॉम्बुर्गच्या त्या शाळेचं पत्र आलं तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मला समजलं. इथे आपल्याला कशातच मत नव्हतं. पासपोर्ट भारताचा, त्यामुळे नगरपालिका नाही, काही नाही. आणि पत्रात लिहिलेलं, की प्रत्येक वर्गाच्या पालकांनी आपल्यातून एक प्रतिनिधी निवडायचा, क्लासेन-एल्टर्नबायराट. पक्ष नाही, झेंडा नाही, गुप्त चिठ्ठी. एका मुलामागे एक मत. पासपोर्ट कुणीही विचारणार नाही. तू ते तीनदा वाचलंस. "अव्या, माझी जुळी आहेत. म्हणजे मला दोन मतं!" माझी मुलगी त्याच वर्गात, पण एकटी; मला एकच.

आणि कारणही होतं तुझ्याकडे. तुझ्या सम्यकला शाळेच्या मैदानात, सायकलींच्या स्टँडमागे, चौथीतल्या तीन पोरांनी धरलं होतं. दोघांनी हात पकडले आणि तिसऱ्याने त्याचं तोंड लोखंडी दांडीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. पुढचा दात अर्धा तुटला. तो पक्का दात होता. घरी आला तेव्हा शर्ट छातीपर्यंत लाल होता, आणि कपाळावर कुणीतरी पेनाने काहीतरी घाण लिहिलं होतं, ते वहिनींनी तुला दिसण्याआधी पुसलं. तू शाळेत गेलास. बाई म्हणाल्या, मुलं अशीच असतात. तू टेबलावर मूठ आपटलीस तेव्हा त्यांचा कप उडून खाली पडला. मीच तुला हाताला धरून बाहेर काढलं, आणि बाहेर आल्यावर मीच म्हणालो, "असं नको. निवडणुकीला उभा राहा. रीतसर." कल्पना माझी होती, मिल्या. हे तू कधी विसरला नाहीस, दर वेळी चारचौघांत सांगायचास, आणि दर वेळी मी विषय बदलायचो.

तू उभा राहिलास तो थेट गावच्या निवडणुकीसारखा. इथे या पदासाठी कुणी उभं राहत नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसतात आणि शेवटी कुणीतरी बिचारी बाई हो म्हणते, कारण केक भाजायचे आणि फोन नंबरांच्या याद्या करायच्या असतात. आधीपासून ते सगळं वर्गातल्याच एका मुलाची आई, फ्राऊ लांग, करायची. आणि तू बर्फीचे पुडे घेऊन घरोघर निघालास! एकोणीस घरं. रविवारी दुपारी जर्मन माणसाच्या दाराची घंटा वाजवून मत मागायचं! लोक दार अर्धवट उघडून तुला धर्मप्रचारक समजायचे. एका आजीने तर तुला काही विकत नको म्हणून सांगितलं. मी हसून हसून लोळत होतो. फक्त ब्रांटने आत बोलावलं. ब्रांट घरांची छपरं दुरुस्त करतो, मोठा गडी, हातांचे पंजे फावड्यासारखे. त्याने तुझी बर्फी खाल्ली, तुला बिअर दिली, सम्यकच्या दाताबद्दल सगळं ऐकलं आणि म्हणाला, "क्लार, मिलिंद, अर्थातच. तुलाच देणार." त्या दिवशी तू रस्त्यावर माझ्या पाठीत एवढ्या आनंदाने थाप मारलीस की दोन दिवस पाठ दुखत होती.

आता ती संध्याकाळ.

पालकांची सभा साडेसातला होती. मी पाचलाच तुझ्याकडे आलो, बरोबर जायचं म्हणून. तू स्वयंपाकघरात बसून कागदाच्या चिठ्ठ्या कापत होतास. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला सुरीने फट पाडली होतीस. मुलांना मतदान म्हणजे काय ते कळलं पाहिजे, म्हणालास. आपल्या माणसांनी यासाठी हाडं मोडून घेतलीत. सम्यक आणि सुजाता समोर बसली होती, आठ वर्षांची, हातात पेन्सिली. तू त्यांना समजावलंस, एक तर पापा, नाहीतर फ्राऊ लांग. जे वाटेल ते लिहायचं. "आणि हे गुप्त. गुप्त म्हणजे बापालासुद्धा विचारायचा हक्क नाही."

दोघांनी लिहिलं. हाताआड धरून, मन लावून. डबा उघडलास. पहिल्या चिठ्ठीवर "Papa" होतं आणि बाजूला तुटक्या दाताचा हसरा चेहरा. तू हसलास. दुसरीवर "Frau Lang".

"ही कुणाची रे?" तू अजून हसतच होतास.

"दास इस्ट गेहाइम," सुजाता म्हणाली. गुप्त आहे.

"सांग ना."

"गेहाइम. तूच म्हणालास."

तूच म्हणाला होतास. ती बरोबर शिकली होती. तेवढ्यावर तू थांबला असतास तर आज हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण तुझं हसू गेलेलं मी पाहिलं. "का लिहिलंस?" तू विचारलंस. आणि ती तुझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी वाजले किती ते सांगतं, म्हणाली, "वाइल डू हाउस्ट."

कारण तू मारतोस.

तुझा हात कधी उचलला गेला ते मला दिसलंच नाही. आवाज ऐकू आला. ती खुर्चीसकट कलंडली आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. खालचा ओठ मधोमध फाटला. रक्त टेबलावर, चिठ्ठीवर, फरशीवर. ती रडली नाही, तोंड दाबून तुझ्याकडे बघत राहिली. सम्यकने लघवी केली. वहिनींनी गॅस बंद केला, फ्रीजमधून गोठवलेल्या मटारची पिशवी काढली आणि तिच्या ओठाला लावली. त्यांना हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं ते पाठ होतं. तिथेच मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये.

मी काय केलं? मी खुर्ची सरळ केली.

तू ती चिठ्ठी खिशात घातलीस, बाथरूममध्ये गेलास, नळ सोडलास. बाहेर आलास तेव्हा टाय बांधलेला होता. "चला, उशीर होईल." वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई मुलांजवळ येऊन बसल्या. त्यांना सांगितलं, धडपडली. आणि आम्ही दोघं, वहिनी आणि मी, तुझ्याबरोबर निघालो. तू रोज सकाळी पंचशील म्हणायचास ना, "पाणातिपाता वेरमणी", कोणत्याही जिवाला इजा करणार नाही? रस्ताभर ते माझ्या डोक्यात वाजत होतं आणि तुझं नरडं धरावंसं वाटत होतं.

वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आपण गुडघे छातीशी घेऊन बसलो. फ्राऊ लांग दोनच वाक्यं बोलली. दुसरं कुणी नसेल तर मी करीन, केक मला जमतात. मग तू उठलास. मिल्या, तसं जर्मन मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तू सम्यकच्या दाताबद्दल बोललास. तू म्हणालास, या शाळेत मूल सांगतं की मला मारलं, आणि मोठी माणसं घड्याळाकडे बघतात. मैदानात प्रत्येक सुट्टीत दोन मोठी माणसं हवीत. मुलाने तक्रार केली तर ती त्याच दिवशी वहीत लिहिली पाहिजे. "मूल सांगत असेल की मला मारतात," तू म्हणालास, "तर त्याच्यावर विश्वास ठेवा." दोन आयांनी डोळे पुसले. ब्रांटने आधी टाळी वाजवली. माझ्या शेजारी वहिनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. बाहीला रक्ताचा एक थेंब राहिला होता.

मूल सांगत असेल तर विश्वास ठेवा. मी तेच केलं. मी चिठ्ठीवर फ्राऊ लांग लिहिलं.

मतं मोजायला एक आई आणि मी, असे दोघे निवडले गेलो. म्हणून मी सगळ्या चिठ्ठ्या पाहिल्या. आपल्या शाळांमधलं इंग्रजी अक्षर इथल्या अक्षरापेक्षा वेगळं असतं, ते शंभरात ओळखू येतं. तशा तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर तुझं नाव, तुझ्याच हाताने; जुळ्यांच्या दोन मतांपैकी एक. एक माझी. तिसरीवर फ्राऊ लांग, आणि शेवटच्या अक्षराला तीच गोल शेपटी होती जी तुझ्या घरच्या मसाल्याच्या बरण्यांवर असते. मी मान वर केली. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. याबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.

तुला आठ, तिला अकरा.

"दोन माणसं!" मैदानाच्या फाटकाबाहेर तू ओरडत होतास. "फक्त दोन माणसं इकडची तिकडे झाली असती तर आलो असतो!" हिशेब बरोबर होता. त्या दोघांपैकी एक तुझ्या डाव्या हाताला चालत होता आणि दुसरी उजव्या. पण तू समोर पाहिलंस, आणि समोर ब्रांट गाडीचं दार उघडत होता. तू सायकलचं ते जाड लोखंडी कुलूप हातात घेतलंस. "ल्यूगनर!" खोटारडा म्हणालास त्याला, आणि कुलूप फिरवलंस. आरशाचा चुरा झाला. त्याने हात मधे घातला, दुसरा फटका त्या हातावर बसला, आरशाच्या पत्र्यात तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला. मोठं माणूस, गाडीला टेकून खाली बसलं. हात छातीशी धरून तुला म्हणाला, "मिलिंद, मेन्श, अरे बाबा, मी तुलाच मत दिलं." तू त्याच्या पायाशी थुंकलास.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी तसाच उभा राहिलो. कुलूप तुझ्या हातात होतं हे खरं, पण नुसतं तेच कारण नव्हतं. मी बोललो असतो तर तू पुन्हा कधी माझ्याशी बोलला नसतास, आणि या परक्या गावात तुझ्याशिवाय मी कुणाच्या मागे उभा राहणार होतो? म्हणून एका निरपराध माणसाला मी रक्त गाळू दिलं. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. तीन आठवडे त्याला छपरावर चढता आलं नाही. "गुन्हेगार आहे म्हणून गप्प आहे," तू म्हणायचास, आणि मी चहा ढवळायचो.

घरी परतताना एवढं मात्र मी विचारलं होतं. वहिनी पुढे निघून गेल्या होत्या. "सुजाताला का मारलंस?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"मी बाप आहे तिचा. तुला नाही कळायचं. तुझ्या बापाने तुला कधी बोट लावलं नाही, म्हणून तू असा पिळपिळीत राहिलास."

"आणि तू?"

"मी उभा आहे," तू म्हणालास. "पडलो तरी उभा आहे."

ते भांडण तिथेच राहिलं. रोज मनात पुढे न्यायचो मी ते, उत्तरं जुळवायचो. तुझ्या दारात आलो की सगळी उत्तरं गिळायचो आणि बूट काढायचो.

फ्राऊ लांगने काय केलं ते तुला माहीत आहे. पुढच्या महिन्यापासून मैदानात दोन मोठी माणसं उभी राहू लागली, आणि तक्रारींची वही आली. "भाषण माझं, खुर्ची तिची," तू कुरकुरायचास. पण त्या वर्गातल्या कुठल्याच मुलाचा दात नंतर तुटला नाही, आणि ते तुझ्यामुळे. माझ्या मुलीचाही नाही. मी तुझे आभार मानायला हवे होते. एवढी साधी गोष्ट, तीही राहिली.

आणि आता जे सांगतो ते सगळ्यात वाईट आहे.

त्या हिवाळ्यापासून तुझ्या हाताची बोटं सोललेली असायची. मुठीची हाडं, उजवीकडची जास्त. कधी ताजी लाल, कधी खपली धरलेली. तू चहा पुढे करायचास, मी तुझ्या बोटांकडे बघायचो, आणि मग मुलांच्या चेहऱ्यांकडे. गाल, ओठ, कानाच्या पाळ्या. वाढदिवसाला फोटो काढताना मी सुजाताला म्हणायचो, जरा इकडे वळ, आता तिकडे. दोन्ही बाजू बघून घ्यायचो. काहीच सापडायचं नाही. मग मी ठरवलं की तू शहाणा झालास आणि दिसणार नाही अशा जागी मारतोस. होय, हे मी ठरवलं. मुलांची काळजी घेणाऱ्या सरकारी ऑफिसचा, युगेंडआम्टचा नंबर एका कागदावर लिहून मी पाकिटात ठेवला. तीन वर्षं तुझ्या घरी जेवलो, तुझ्या हातचं मटण खाल्लं, आणि खिशात तो नंबर. फोन केला नाही आणि कागद फेकलाही नाही. ना तुला वाचवलं, ना त्यांना.

परवा रविवारी तुझ्या घरी पुण्यानुमोदन होतं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, खाली केलरमध्ये घडीच्या खुर्च्या आहेत. सुजाता दाखवेल." सुजाता आता अकरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. ओठावर ती बारीक पांढरी रेघ आहे. तळघरात तिने दिवा लावला. खुर्च्या एका बाजूला होत्या. समोरच्या भिंतीशी तुझ्या गाडीचे हिवाळी टायर, एकावर एक चार, कपड्यांच्या दोरीने पाण्याच्या पाइपला आवळून बांधलेले. वरचा बरोबर छातीच्या उंचीला. त्यावर जुना टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेलवर तपकिरी डाग.

"हे काय आहे गं?"

"पापाचा टायर." ती खुर्च्या उचलत होती. "त्याला राग आला की तो इथे यायचा. इमर, दर वेळी."

"केव्हापासून?"

"निवडणुकीनंतर तो थर्मॉस फुटला, तेव्हापासून. माझ्या हातून फुटला होता. तो हात उचलून आला, मी म्हटलं, माख डोख. मार ना. मग तो थांबला आणि खाली आला. खूप वेळ. वर सगळं ऐकू येत होतं, बुम्, बुम्."

"आणि नंतर? तुला, सम्यकला कधी..."

"नी." कधीच नाही. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, जरा रागाने. "तुला माहीत नव्हतं, अविकाका? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

मला माहीत नव्हतं. मी तुझी बोटं तीन वर्षं बघत होतो, आणि एकदाही विचारलं नाही, मिल्या, हाताला काय झालं. मी फक्त पुरावा शोधत होतो. तू इथे, या दमट खोलीत, तुझ्यात उतरलेला वडिलांचा डावा हात त्या रबरावर आपटून आपटून मोडत होतास, आणि मी वर तुझ्या मुलांचे कान तपासत होतो.

टायरच्या वर, डोळ्यांसमोर येईल असा, भिंतीला चिकटपट्टीने एक कागदाचा तुकडा लावलेला होता. पेन्सिलीतलं अक्षर फिकट झालं होतं. Frau Lang. कोपऱ्यात जुन्या रक्ताचा तपकिरी डाग.

"दी इस्ट फॉन मीर," सुजाता म्हणाली. माझी आहे ती. "मी एकदा त्याला विचारलं, का लावलीस? तो म्हणाला, विसरायला नको म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. तिने हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. मग तिने विचारलं, "तू कुणाला दिलं होतंस? पापा म्हणायचा, हेर ब्रांटने फसवलं."

तळघरात खोटं बोलायला जागा नव्हती. "मी फ्राऊ लांगला दिलं."

"माझ्यामुळे?"

"तुझ्या ओठामुळे. हो."

तिने त्या कागदाकडे पाहिलं. ती अगदी तुझ्यासारखं बोलते, माहीत आहे? हनुवटी पुढे काढून, आवाज न चढवता. म्हणाली, "मग हे हेर ब्रांटला सांग. तो वर आलाय."

तो आला होता. पांढरी फुलं घेऊन, दारात बूट काढत होता. तीन वर्षं तू त्याला पाहून रस्ता बदललास आणि तो तुझ्या फोटोला फुलं वाहायला आला होता. मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं. मत फिरवलेल्या त्या दोघांतला एक मी होतो. दुसरं नाव मी घेतलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नाही. त्याने ऐकून घेतलं. मी हात पुढे केला होता. त्याने आपला हात, तो चिरलेला, खिशात घातला.

"तुम्ही बाजूलाच उभे होतात," तो म्हणाला. आणि आत जाऊन त्याने तुझ्यापुढे फुलं ठेवली.

त्याचं बरोबर आहे. मला माफी नको होतीच, म्हणजे हवी होती, पण मिळाली नाही ते बरं झालं.

ऐक, मिल्या. ती संध्याकाळ परत आली आणि चिठ्ठी हातात आली, तर मी परत फ्राऊ लांगच लिहीन. त्या मुलीचा ओठ बघितल्यावर दुसरं नाव लिहिता येत नाही, आणि ते तुलाही कळलं होतं, नाहीतर तो कागद तू भिंतीला लावला नसतास. पण त्यानंतर जो माणूस या तळघरात उतरत होता, त्याला मी डोळे झाकून मत दिलं असतं. दोन्ही हातांनी दिलं असतं. मला तो कधी भेटलाच नाही. तू एकदा तरी सांगायचंस, गाढवा. मी एकदा तरी विचारायचं होतं.

सगळे गेल्यावर खुर्च्या परत ठेवायला मी एकटाच खाली गेलो. पाकिटातला तो नंबर फाडला. मग टायरसमोर उभा राहिलो आणि ठोसा मारला. मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. टॉवेलवर न बसता तो कडेला रबरावर बसला, आणि पुन्हा मारला, आणि पुन्हा, शिव्या घालत, तुला, मला, पिंपळाखालच्या त्या चौघांना, जोवर श्वास पुरला तोवर.

वर आलो तेव्हा वहिनींनी चहा केला होता. सुजाता आणि सम्यक शेजारीच बसली होती. वहिनींनी माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं नाही, आणि कप माझ्या डाव्या हातात दिला.